शेरा

रकाने पाच ठरले होते:
ठिकाण, पत्ता, नाव, पासवर्ड, वेळ.
सहावा व्हायडोतासनं मागाहून घुसडला, शेरा.
म्हणाला, फार रुंद नको,
चार शब्द मावले की पुरे.

क्लायपेडात त्या वर्षी थंडी लवकर उतरली.
आम्ही तिघं. एक लॅपटॉप,
त्याची बॅटरी उबेत ठेवली तरच जीव धरायची
म्हणून रामुतेच्या कोटात, पोटाशी.
चिप्सच्या रिकाम्या डब्याचा अँटेना.
नदीवरच्या पुलापासून निघायचं,
डाव्या फुटपाथनं जायचं, उजव्यानं यायचं.
पोलिसांनी एकदा हटकलं, काय शोधताय?
हवेत काय आहे ते लिहून घेतोय, म्हटलं.
खरं होतं, म्हणून पटलं नाही.

न्हाव्याचं दुकान: केस न कापता बसू देतो.
ग्रंथालय: सोमवारी बंद, पायरीवर मिळतं.
फेरीबोटीचा धक्का: येतं, जातं, वाऱ्यावर आहे.
वाऱ्याचा काडीचा संबंध नाही,
पण ते कुणी खोडलं नाही.

यादी सगळ्यांची. कुणीही लिहावं, कुणीही खोडावं.
लिहिताना सोपं वाटलं हे वाक्य.
मग एका कॅफेवाल्यानं शेजारच्या कॅफेची ओळ पुसली.
आम्ही लिहिली. त्यानं पुसली.
अकरा रात्री हेच.
बाराव्या दिवशी रामुते त्याच्याकडे जाऊन कॉफी प्यायली
आणि त्याच्या शेऱ्यात लिहून आली:
शेजारच्यापेक्षा कॉफी बरी.
दोन्ही ओळी सुखानं नांदू लागल्या.

खरं भांडण पेटलं घरांवरून.
कुलूप नाही म्हणजे आमंत्रण नव्हे, मी म्हणाले.
आकाश कुणाच्या बापाचं आहे, व्हायडोतास म्हणाला.
त्याच्या स्वतःच्या राउटरला बावीस अक्षरी पासवर्ड होता,
हे मी तेव्हा बोलले नाही. आता लिहिते.
शेवटी ठरलं, विचारायचं. दार वाजवून.
एकोणीस दारं, सतरा नकार,
एक कुत्रा.

उरलं ते आल्डोनाबाईंचं.
तळमजला, स्वयंपाकघराची खिडकी बंदराच्या कुंपणाकडे.
नातवानं डबी बसवून दिली आणि तो डब्लिनला गेला.
वायफाय म्हणजे काय, हे त्यांनी विचारलंच नाही.
विचारलं ते एवढंच:
समोरच्या बाकावर रोज संध्याकाळी एक मुलगा येतो,
बर्फात बसतो, माझ्या खिडकीकडे तोंड करून हसतो.
तो माझ्याकडे बघून हसत नाही?

नाही हो. तो रोडेलिओ, फिलिपिन्सचा खलाशी.
जहाज दुरुस्तीला लागलंय त्याचं.
तिकडे मुलगी रांगायला लागलीय,
ती त्याला व्हिडिओवर दिसते. तुमच्या डबीतून.

बाई गप्प. मग जरा चिडूनच म्हणाल्या,
तीन आठवडे मी हात हलवतेय त्याला.

किटली गॅसवरून उतरवली. मग म्हणाल्या, लिहा.
पासवर्ड? नको.
वेळ? मी जागी असेन तोवर.
आणि शेरा त्यांनी सांगितला तसाच उतरवला:
बाकावर गोणपाट टाकलंय.
हात हलवला तर हलवावा.
चार शब्दांच्या वर गेला. व्हायडोतास काही बोलला नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात स्वतःचं आकाश आहे.
यादी मी एकटीच बघते, महिन्यातून एकदा,
जुन्या कुंडीला पाणी घालावं तशी.
नियम माझाच: तीनदा तपासून सिग्नल नसेल तर ओळ खोडायची.
मार्चमध्ये तिसऱ्यांदा गेले.
खिडकीला नवे पडदे, आत कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.
बाक होता.

घरी येऊन ती ओळ उघडली.
शेऱ्यात कुणीतरी भर घातली होती,
मोडक्यातोडक्या लिथुआनियन भाषेत, तारीख आठवड्यापूर्वीची:
हात हलवला. पडदा हलला नाही.
जहाज सप्टेंबरात परत लागेल, तेव्हा पुन्हा बघतो.

वाक्य अर्ध्यातच कापलं जात होतं, दिसत नव्हतं पुरतं.
मी रकाना रुंद केला.